नावे ठेवणे, हिणवणे, चिथावणे: राजकीय वादातल्या शब्दांबद्दल

एका भाषणाच्या बातमीवरून हात फिरवत होते. एकाच परिच्छेदात आगपाखड, घणाघात, तोंडसुख, सडकून टीका आणि चौफेर हल्ला, सगळे एकाच वक्त्याचे. ही भर काढून पाहिली, तर तो प्रत्यक्ष काय म्हणाला याची दोन वाक्ये उरली: विरोधक गद्दार आहेत, आणि पाणीयोजना तीन वर्षे रखडली आहे. मथळा पहिल्या वाक्याचा होता. पाणीयोजना शेवटच्या ओळीत.

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात आहेत. विरोधकाला एका शब्दात नाव देऊन मोकळे होणे, यासाठी मराठीत नेमके क्रियापद कोणते? सहकाऱ्याने 'नावे ठेवणे' सुचवले, मला ते पटले नाही. आणि दुसरा: 'चिथावणीखोर भाषण' व 'प्रक्षोभक भाषण' यांत आपण फरक करावा का?

प्रतिसाद

'नावे ठेवणे' इथे बसणार नाही. नावे कामालाही ठेवतात, अक्षरालाही ठेवतात. नावे ठेवणारा निदान कुठला तरी दोष दाखवत असतो. 'नावाने खडे फोडणे', 'नावाने बोटे मोडणे' यांत तर नवे नाव दिलेलेच नसते, त्या माणसाच्या आहे त्याच नावाने ओरड चालते.

'हिणवणे' जास्त जवळचे. 'गद्दार म्हणून हिणवले' या रचनेत त्या 'म्हणून'च्या आधी शिक्क्याला आयती जागा आहे. पण हिणवणे वरून खाली होते. 'भित्रा म्हणून हिणवले' सहज म्हणतो, 'हुकूमशहा म्हणून हिणवले' मात्र कानाला खटकते, तिथे आपण 'ठरवले' म्हणतो. दोन्ही बाजूंना चालेल असे हवे असेल तर 'शिक्का मारणे' घ्या. शिक्का बसला की चौकशी संपली, हा भावही त्यात आपोआप येतो.

प्रतिसाद

मला 'खोर' या प्रत्ययाबद्दल बोलायचे आहे, कारण खरी गोम तिथे आहे. हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ खाणारा. 'त्याने लाच घेतली' हे विधान आहे. कधी, कुणाकडून, किती, असे विचारता येते आणि ते खोटेही ठरू शकते. 'तो लाचखोर आहे' म्हटले की एक कृत्य त्याचा स्वभाव होते. व्याजखोर, नफेखोर, भांडखोर, सगळीकडे हेच. 'जीवी'चेही तसेच. श्रमजीवी, बुद्धिजीवी हे चांगले धडधाकट शब्द होते. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी राज्यसभेत 'आंदोलनजीवी' हा शब्द वापरला, आणि दुसऱ्या बाजूने 'जुमलाजीवी' आला. प्रत्यय एकच, रोख उलटा. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाच्या असंसदीय शब्दांच्या संकलनात 'जुमलाजीवी' होता म्हणून केवढा गदारोळ झाला होता. शब्दावर बंदी घातलेली नाही, असा खुलासा अध्यक्षांना करावा लागला.

म्हणून 'चिथावणीखोर भाषण' मी टाळते. 'खोर' माणसाला लागतो, भाषणाला नाही. शिवाय चिथावणीखोर म्हणणे हाही शिक्काच. 'त्यांनी जमावाला अमुक करण्याची चिथावणी दिली' असे लिहिले, तर लिहिणाऱ्याला ते अमुक काय हे सांगावे लागते.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाला व्याकरणच उत्तर देते असे मला वाटते. शिवीला दोन माणसे पुरतात, देणारा आणि खाणारा. चिथावणीला तीन लागतात: कोणी, कोणाला, कोणाविरुद्ध. चिथावणारा बोलतो विरोधकाबद्दल, पण त्याची नजर समोरच्या गर्दीवर असते. विरोधक तिथे नसला तरी चालते, किंबहुना नसलेलाच बरा असतो. 'प्रक्षोभक' मध्ये ही तिसरी व्यक्ती नाही. क्षुभ् म्हणजे ढवळून निघणे, खवळणे. तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात काय झाले तेवढे सांगतो, बोलणाऱ्याच्या हेतूबद्दल काहीच म्हणत नाही. हेतूचा पुरावा हातात असेल तर चिथावणी लिहावे, नसेल तर प्रक्षोभक.

जाता जाता: 'टीकेची राळ उडवणे' किती नेमके आहे पाहा. राळेची पूड मशालीवर फेकली की मोठा भडका होतो आणि क्षणात विझतो. उजेड पडल्यासारखा वाटतो, पण त्यात दिसत काही नाही.

प्रतिसाद

शिक्के कायम शिवी राहत नाहीत, हेही नोंदवू या. इंग्लंडमध्ये १६८० च्या सुमारास टोरी आणि व्हिग हे एकमेकांना हाणलेले अपशब्द होते. टोरी म्हणजे मुळात आयर्लंडमधला लुटारू. पुढे तीच पक्षांची नावे झाली. गद्दार आणि गदर हे एकाच अरबी धातूचे, अर्थ विश्वासघात. १८५७ ला गदर म्हणून हिणवले गेले आणि १९१३ मध्ये अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांनी तेच नाव अभिमानाने आपल्या पत्राला दिले. जहाल आणि मवाळ यांची धारही अशीच बोथट झाली. १९०७ च्या सुरतेच्या फुटीच्या वेळी ते अंगाला लागत होते, आज शाळेच्या पुस्तकात थंडपणे वाचतो.

उलटही होते. 'फॅसिस्ट' हे मुसोलिनीच्या लोकांनी १९१९ मध्ये स्वतःच घेतलेले नाव, फाशो म्हणजे जुडी यावरून. आज ते कुणालाही फेकून मारतात. तरी तो शब्द वापरूच नये असे मी म्हणणार नाही. लक्षणे सांगून, एकेक लावून दाखवून कोणी वापरत असेल तर ते वर्णन आहे. लक्षणे विचारल्यावर आवाज चढत असेल तर शिक्का.

एक विनंती बातम्या लिहिणाऱ्यांना: 'राजद्रोह' च्या जागी 'देशद्रोह' लिहू नका. १८७० मध्ये भारतीय दंडविधानात आलेले आणि २०२४ पर्यंत राहिलेले कलम १२४ अ राजद्रोहाचे, म्हणजे सरकारविरुद्धचे होते. टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये त्याच खाली शिक्षा झाली. त्यांना देशद्रोही म्हणून पाहा कसे वाटते.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. तिसऱ्या व्यक्तीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्या सभेत ज्यांना गद्दार म्हटले, त्यांच्यापैकी कोणीही हजर नव्हते.

ती बातमी पुन्हा लिहिली. मथळा पाणीयोजनेचा केला. 'गद्दार' काढला नाही, तो बोलला गेला होता. अवतरणात, बोलणाऱ्याच्या नावासह, तिसऱ्या परिच्छेदात ठेवला. आणि पाचही क्रियापदांच्या जागी 'म्हणाले' लिहिले. एकच अडचण राहिली आहे. वार्ताहर म्हणतो, 'म्हणाले' लिहिल्यावर सभेतला आवाज वाचकाला कळतच नाही, आणि लोक उठून उभे राहिले होते ही खरी गोष्ट आहे. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. लोक उभे राहिले, ही ओळ मी तशीच घातली. यापेक्षा चांगला मार्ग सुचत असेल तर सांगा.