मदत हवी आहे: म्योडलारॉयटला गाडीशिवाय कसं जायचं?

नमस्कार मंडळी. आईबाबा महिनाभर न्यूरेंबर्गला माझ्याकडे आलेत. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. बर्लिनची भिंत बघून झाली, आता त्यांना तिची धाकटी बहीण बघायचीय!

म्योडलारॉयट हे जेमतेम पन्नास वस्तीचं खेडं. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, एका उडीत पार होईल एवढा. अलीकडे बायर्न (बव्हेरिया) राज्य, पलीकडे थुरिंगिया राज्य. १९४९ नंतर याच ओढ्यावर दोन देश झाले, अलीकडे पश्चिम जर्मनी, पलीकडे पूर्व जर्मनी. १९५२ ला लाकडी कुंपण आलं, १९६६ ला काँक्रीटची ७०० मीटर भिंत. शेजाऱ्याला नुसता हात करायलाही पूर्वेकडच्यांना बंदी होती. डिसेंबर १९८९ मध्ये पायी जाण्यापुरती वाट उघडली. आजही नमस्कार करताना अर्धं गाव ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतं आणि अर्धं ‘गुटन टाग’. पिनकोडही दोन!

जवळच्या होफ शहरापर्यंत रेल्वेने जाऊ, पण पुढे काय? रविवारी बस मिळते का, की सरळ टॅक्सी करावी? आईचे गुडघे दुखतात, तर भिंत आणि टेहळणी मनोरा बघायला चढ किती आहे? संग्रहालयात इंग्रजी माहिती मिळते का? नाहीतर बाबा प्रत्येक पाटीचं भाषांतर मला करायला लावतील, आणि माझं जर्मन बेकरीपुरतंच आहे.