पॉप गायक फिअरगल शार्की नद्यांच्या आंदोलनात कसा आला?

प्रश्न – जुनी_कॅसेट

सत्तरच्या दशकाच्या अखेरचे ब्रिटिश आणि आयरिश संगीत ऐकलेल्यांना ‘द अंडरटोन्स’ हा बँड आठवत असेल. त्याचा गायक फिअरगल शार्की हल्ली दिसतो तो इंग्लंडच्या नद्यांत सोडल्या जाणाऱ्या मैलापाण्याविषयी बोलताना, आणि तेही कायद्याची कलमे व परवान्यांच्या अटी तोंडपाठ असल्यासारखा. प्रसिद्धी ओसरलेल्या कलावंताने एखादा सामाजिक प्रश्न हाती घ्यावा, यात नवल नाही; पण हा माणूस कुणाच्या व्यासपीठावर पाहुणा म्हणून बसलेला वाटत नाही. हे कसे घडले, आणि तो आता गातो का?

उत्तर – वाटसरू

आपला अंदाज बरोबर आहे, पण गायक थेट कार्यकर्ता झाला असे मानले तर मधली महत्त्वाची वर्षे निसटतात. शार्कीचा जन्म १९५८ साली उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे झाला. १९७८ मध्ये बीबीसीच्या जॉन पील यांनी ‘टीनएज किक्स’ हे गाणे रेडिओवर लागोपाठ दोनदा वाजवले आणि बँडचे नाव झाले. १९८३ मध्ये बँड फुटला, १९८५ मध्ये शार्कीचे एकल गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्यानंतर काही वर्षांतच त्याने गाणे जवळजवळ सोडून दिले.

पुढची दोन दशके त्याने संगीत उद्योगाच्या कचेऱ्यांत घालवली. रेकॉर्ड कंपनी, रेडिओचे नियमन करणारे प्राधिकरण, लहान कार्यक्रमांच्या परवान्यांविषयीचा मंच आणि २००८ ते २०११ या काळात ‘यूके म्युझिक’ या संघटनेचे प्रमुखपद, असा तो प्रवास आहे. मंत्र्यांना कसे गाठावे, संसदीय समितीपुढे काय मांडावे आणि नियामकाच्या अहवालातली पळवाट कुठे शोधावी, हे तो इथे शिकला. नद्यांच्या लढ्यात त्याच्या आवाजापेक्षा हीच शिदोरी अधिक उपयोगी पडली, असे माझे मत आहे.

नदीशी त्याचे नाते मात्र गळाचे. तो हौशी मासेमार आहे आणि लंडनच्या उत्तरेकडील ली नदीवरच्या ‘अ‍ॅमवेल मॅग्ना’ या जुन्या मासेमारी क्लबचा पदाधिकारी आहे. नदीच्या त्या भागाला पुरेसे पाणी मिळावे म्हणून क्लबने थेट पर्यावरणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेलाच कायदेशीर आव्हान दिले, आणि त्या एका वळणाच्या भांडणातून देशभरच्या नद्यांचा प्रश्न त्याच्यासमोर उलगडत गेला.

उत्तर – हर्टफर्डचा_रहिवासी

मी याच परिसरात राहतो, म्हणून जागेविषयी थोडे लिहितो. ली ही चॉक स्ट्रीम, म्हणजे खडूच्या खडकात मुरलेले पावसाचे पाणी झऱ्यांतून वर येऊन बनलेली नदी. अशा नद्यांचे पाणी नितळ, थंड आणि वर्षभर जवळपास एकाच तापमानाचे असते. तळाशी गारगोटीचे खडे, त्यावर प्रवाहाच्या दिशेने लोळणारे हिरवे शेवाळी पट्टे आणि त्यांच्या आडोशाला उभा असलेला तपकिरी ट्राउट मासा काठावरून सहज दिसतो. जगातल्या अशा बहुतेक नद्या इंग्लंडमध्ये आहेत. त्यांना दोन बाजूंनी मार बसतो: एकीकडून उपसा, दुसरीकडून मैलापाणी. लंडनला पाणी नेणारा ‘न्यू रिव्हर’ कालवा १६१३ साली याच भागातून काढला गेला आणि आजही हर्टफर्डजवळ तो ली नदीचे पाणी उचलतो. त्यामुळे इथल्या मासेमारांना पाण्याचे राजकारण कुणी वेगळे शिकवावे लागत नाही!

उत्तर – शंकेखोर

शार्कीविषयी आदर आहे, तरी आकडे वाचताना सावध राहावे. इंग्लंडच्या जुन्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून जातो. मुसळधार पावसात वाहिनी तुंबून घरांत मैला शिरू नये, म्हणून नदीकडे सांडवे ठेवलेले असतात. २०२२ मध्ये ते सुमारे ३ लाख वेळा, तर २०२३ मध्ये ४ लाख ६४ हजार वेळा वाहिले. यात पावसाळी वर्षाचा वाटा मोठा होता, हे मान्य करावे लागेल.

उत्तर – वाटसरू

पावसाचा मुद्दा रास्त आहे, पण शार्कीचा आक्षेप पावसाने खोडला जात नाही. सांडवा हा अपवाद म्हणून वापरावा, असे कायदा आधीपासूनच सांगतो, आणि लंडन व व्हिटबर्न येथील सांडव्यांबाबत युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ब्रिटनविरुद्ध निकाल दिला होता. मग त्याची अंमलबजावणी कुणी का केली नाही, असा शार्कीचा सवाल आहे, आणि म्हणून पाणी व मैलापाणी सांभाळणाऱ्या कंपन्यांइतकाच तो नियामकांवर तुटून पडतो. १९८९ मध्ये या सेवेचे खासगीकरण झाले तेव्हा कंपन्या कर्जमुक्त करून दिल्या होत्या. आज त्यांच्यावर ६० अब्ज पौंडांहून अधिक कर्ज आहे आणि दरम्यान भागधारकांना लाभांश मिळत राहिला. २०२१ मध्ये ‘सदर्न वॉटर’ या कंपनीला ९ कोटी पौंडांचा दंड झाला, तो पावसामुळे नव्हे, तर वर्षानुवर्षे प्रक्रिया न केलेले मैलापाणी बेकायदा सोडल्यामुळे.

गाण्याविषयी विचारले होते, तर ‘अंडरटोन्स’ १९९९ मध्ये पुन्हा एकत्र आले, पण शार्कीशिवाय. त्याच्या जागी पॉल मॅक्लून गातात.