मुक्तिनाथला जाणारच आहोत तर पुढं लो मांथांगला पण जाऊन यावं का?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत घरातली सगळी मिळून नेपाळला मुक्तिनाथला जायचं ठरलंय, आई-बाबा, आत्या, मी आणि मिसेस. आत्याची फार वर्षांची इच्छा आहे. पण मॅप बघत बसलो तर मुक्तिनाथच्या खालच्या कागबेनीवरनंच वर लो मांथांगचा रस्ता जातोय, मुस्तांगच्या राजांची जुनी राजधानी, गावाला मातीची तटबंदी आणि आत 15व्या शतकातली बौद्ध देवळं. आपली खानापूरजवळची हलशी जुन्या कदंब राजांची दुसरी राजधानी, तिथं भूवराह नरसिंहाच्या देवळात आजोबा न्यायचे तेव्हापासनं मला असल्या गावांचं वेड आहे. तर सगळ्यांना घेऊन जाऊ की आई-बाबा आणि आत्याला खाली ठेवून आम्ही दोघंच जाऊ? बाबा सत्तरीचे, बीपीची गोळी चालू. परमिटचं कोण लागतं म्हणतंय कोण नाही म्हणतंय. आणि खरं सांगा, एवढ्या लांब जाऊन बघण्यासारखं तिथं काय आहे?

शहापूरवाला:
परमिट लागतं. आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही त्यामुळं लोकांचा घोळ होतोय. मुक्तिनाथपर्यंत अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं परमिट, सार्क देशांना 1,000 नेपाळी रुपये, आपले साधारण सव्वासहाशे. कागबेनीच्या पुढं अप्पर मुस्तांग लागतो, लो मांथांग त्यातच येतं, तिथं 1992 पर्यंत बाहेरच्या माणसाला सोडतच नव्हते. त्याचं परमिट वेगळं, बरीच वर्षं 10 दिवसांना 500 डॉलर असा दर होता आणि भारतीय म्हणून सूट नाही. ते पण आपण जाऊन काढता येत नाही, नोंदणी असलेली नेपाळी एजन्सी आणि सोबत गाइड पाहिजेच. नियम बदलत असतात, ॲडव्हान्स द्यायच्या आधी आजचा दर लेखी मागून घ्या. विमानानं काठमांडूला जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर मतदानाचं ओळखपत्र, आधार फक्त 65च्या वरच्यांना आणि 15च्या खालच्या पोरांना चालतं. वर जाणाऱ्यांनी पासपोर्टच घ्या, परमिटला मागतात.

निपाणीची लेक:
दादा, बाबांना वर नेऊ नका असं मला मनापासनं वाटतंय. उंची बघितली तर मुक्तिनाथ आणि लो मांथांग दोन्ही 3,700-3,800 मीटरच्या आसपासच आहेत, त्यामुळं मुक्तिनाथ जमलं म्हणजे हे पण जमेल असं वाटतं. पण मुक्तिनाथला दर्शन घेऊन माणूस रात्री कागबेनीला नाहीतर जोमसोमला उतरून झोपतो, म्हणजे हजारेक मीटर खाली. लो मांथांगला झोपायचंच वर असतं आणि त्रास रात्रीच वाढतो, डोकं दुखणं, मळमळ, झोप नाही. त्यात मोठी हॉस्पिटलं असलेलं पोखरा शहर जवळ नाही, काही झालं तर जीपनं कच्च्या रस्त्यानं खाली आणायचं. आमच्या सासूबाईंना मुक्तिनाथपर्यंतच नेलं, जोमसोमला दोन रात्री राहून मग वर, छान दर्शन झालं, देवळामागच्या पाण्याच्या 108 धारांखाली हात भिजवून आल्या (आंघोळीचा हट्ट मी करू दिला नाही, पाणी बर्फाचं असतं). तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाबांना मुक्तिनाथला पण नेऊ नका.

गडवाट:
बघण्यासारखं काय आहे विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. उघडाबोडका पिवळा-तांबडा डोंगर, अन्नपूर्णा आणि धौलागिरीनं पाऊस अडवल्यामुळं सगळं कोरडं, आणि मधेच तटबंदीच्या आत दाटीवाटीनं पांढरी घरं, सपाट मातीची छपरं. एवढ्या ओसाड जागी देवळांना सोनं लावायला पैसा कुठनं आला, तर मिठाच्या व्यापारातनं. तिबेटचं मीठ खाली यायचं, खालचं धान्य वर जायचं, आणि काली गंडकी नदीच्या खोऱ्यातली ती वाट या राजांच्या हातात होती. राजेपण 2008 मध्ये संपलं, शेवटचे राजे 2016 मध्ये वारले.

जांपा देऊळ आधी बघा. मैत्रेय म्हणजे पुढं येणाऱ्या बुद्धाची मातीची मूर्ती एवढी उंच की वरच्या मजल्यापर्यंत आलीय, आणि भिंतींवर एकाला लागून एक मंडलं (देवतांच्या वर्तुळ-चौकोनातल्या आकृत्या), काठमांडू खोऱ्यातल्या नेवार चित्रकारांच्या हातची. आत अंधार असतो, चांगली टॉर्च न्या. उजेड भिंतीला चिकटवून तिरका टाकला की सोन्याची रेघ उठून दिसते, बोटाच्या पेराएवढ्या आकृतीचे डोळे, अंगठ्या, वस्त्रावरची फुलं सगळं काढलेलं आहे. फोटो काढू देत नाहीत, बघायचं आणि मनात ठेवायचं. दुसरं देऊळ थुबचेन, त्याचा मंडप मोठा, लाकडी खांब आणि वरनं येणारा उजेड.

या चित्रांवर 1999 पासनं साफसफाई-दुरुस्तीचं काम चाललं, इटालियन तज्ज्ञांनी गावातल्याच लोकांना शिकवून तयार केलं, त्यात बायका पण बऱ्याच. जिथं रंग पार गेला होता तिथं नवीन रंगवलं म्हणून बाहेरच्या काही अभ्यासकांनी टीका केली, म्हणाले गेलेला भाग तसाच मोकळा ठेवायचा. पण गाववाल्यांचं म्हणणं, आम्ही इथं पूजा करतो, अर्ध्या तोंडाच्या देवापुढं दिवा कसा लावायचा? मला गावाचं पटतं. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत चालत नाही, मग त्यांनी का चालवून घ्यावी? ते म्युझियम नाही, नांदतं देऊळ आहे.

खानापूर_पोरगा:
जायच्या आधी एक रविवार मुंडगोडला जाऊन या. बेळगावहून गाडीनं सकाळी निघालं तर संध्याकाळी परत, तिबेटी वसाहत आहे, डेपुंग आणि गांदेनचे मोठे मठ. मैत्रेय कोण, तारा कोण, प्रदक्षिणा कशी घालतात (आपल्यासारखीच, उजवीकडनं) हे तिथं कळलं की वर गेल्यावर नुसतं रंग बघत उभं राहावं लागत नाही. दोन्हीकडं तिबेटी बौद्धच, फक्त मुंडगोडचे मठ गेलुग पंथाचे, लो मांथांगचे साक्य पंथाचे, तेवढा फरक. काही भिक्षू कन्नड पण बोलतात, निवांत सांगतात.

टिळकवाडीकर:
सगळ्यांचे आभार. ठरलं, मुक्तिनाथ सगळे मिळून, मग आई-बाबा आणि आत्या माझ्या मेव्हण्याबरोबर (तो पण आता येतोय) पोखऱ्याला, आम्ही दोघं वर. मुंडगोड पुढच्याच रविवारी. जीपनं कागबेनीहून एका दिवसात वर जावं का?

गडवाट:
जाता येतं पण जाऊ नका, वाटेतल्या सामार नाहीतर घामी गावाला एक मुक्काम करा, अंगाला उंची सोसते. घामीच्या पुढं लांबलचक मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आहे ती पण बघून होईल. रोज पहाटे निघा, अकरानंतर काली गंडकीच्या खोऱ्यात वारा असा सुटतो की धुळीनं समोरचं दिसत नाही, जोमसोमची विमानं पण म्हणूनच सकाळीच असतात. दिवाळीनंतर फार उशीर करू नका, थंडी वाढली की निम्मं गाव पोखरा-काठमांडूला उतरतं, मग देवळाची किल्ली कुणाकडं आहे हेच शोधत बसावं लागेल. गाइडला आधीच सांगून ठेवा.