मींड कुठल्या चिपला जमते? (सिड विरुद्ध बाकी सगळे)

नौपाडेकर
रविवारी घणसोलीला मित्राकडे जुना कमोडोर ६४ (घरगुती कंप्युटर) टीव्हीला जोडला. त्याच्या मुलाने ऐकलं आणि म्हणाला, "काका, बिघडलाय का हा?" तिथून जे पेटलं ते परतीच्या लोकलमध्येही विझलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत: जुन्या गेम-कंप्युटरांच्या साउंड चिप्समध्ये वाद्य म्हणावी अशी एकच, कमोडोर ६४मधली १९८२ची सिड. ती बनवणारा बॉब यानेस मुळात सिंथेसायझरच्या नादातला माणूस. आवाज तीनच, पण सूर कसा उगवतो, टिकतो, विझतो हे प्रत्येकाचं वेगळं ठरवता येतं, वर नाद गाळून बदलणारा ॲनालॉग फिल्टर. आणि सुराचं रजिस्टर (सुराची उंची आकड्यात ठेवायची चिपमधली जागा) १६ बिटांचं. एक पायरी जेमतेम ०.०६ हर्ट्झची! षड्जावरून पंचमावर घसरत जा, म्हणजे मींड घ्या, मधले खड्डे कानाला लागत नाहीत. सुपर निन्टेन्डोत काय, रेकॉर्ड केलेले तुकडे वाजतात. तो टेपरेकॉर्डर झाला.

खाडीपार
अहो नौपाडेकर, रागावू नका, पण मींड-मींड म्हणताय ती घेतं कोण? चिप नाही, प्रोग्रॅम. आणि बहुतेक प्रोग्रॅम पडद्याच्या फ्रेमला एकदाच रजिस्टर बदलतात, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. पायरी ०.०६ची असली तरी उड्या पन्नासच. पेटीवाल्याने भात्याच्या जोरावर मींडेचा आभास करावा, तसंच हे.

आता "टेपरेकॉर्डर". सुपर निन्टेन्डोतली ती चिप सोनीच्या केन कुतारागींची, आणि तिला मेमरी ६४ केबी. तेवढ्यातच सगळ्या वाद्यांचे नमुने (रेकॉर्ड केलेले तुकडे), वाजवणारा प्रोग्रॅम, गाण्याचा डेटा आणि प्रतिध्वनीसुद्धा. प्रतिध्वनीच्या दर १६ मिलिसेकंदांना २ केबी जातात. पूर्ण २४० मिलिसेकंद हवेत? मोजा ३० केबी, निम्मं घर गेलं. मग बासरीच्या एका फुंकरीचा कणभर तुकडा कापायचा आणि तोच फिरवत दीर्घ सूर काढायचा. टेपरेकॉर्डरला एवढी कारागिरी लागत नाही.

तळ्यावरचा
दोघेही सेगाच्या मेगा ड्राइव्ह गेम-मशीनला विसरलात, हे बरं नव्हे. त्यात यामाहाची चिप वायएम२६१२, एफएमचे (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनचे, रेडिओचे नव्हे) सहा आवाज. एक लहर दुसरीला हलवते आणि त्यातून नाद तयार होतो. कल्पना स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांची. टाळ, घंटा, धातूचं काहीही तिच्यात जे वाजतं ते सिडच्या बापाला जमणार नाही. व्हायोलिन मात्र पत्र्याचं वाटतं, कबूल. ढोल-ताशा नीट हवा असेल तर सहावा आवाज सोडून तिथे रेकॉर्डिंग वाजवावं लागतं, तेही कबूल.

जुनी_बॅच
शाळांत कंप्युटर शिकवायच्या १९८४च्या सरकारी 'क्लास' प्रकल्पातला बीबीसी मायक्रो कंप्युटर आमच्या ठाण्यातल्या शाळेत होता. आठवड्यातून एक तास, एका मशीनवर चार मुलं, चप्पल बाहेर. त्यात साउंड चिप एसएन७६४८९. तीन चौकोनी आवाज, एक खरखर. मी त्यावर एक आरती बसवायला घेतली आणि खालच्या सप्तकात अडकले. सर म्हणाले, "चूक तुझ्या प्रोग्रॅममध्येच असणार." पुढे इंजिनिअरिंगला असताना हिशेब केला. रजिस्टर १० बिटांचं, घड्याळ ४ मेगाहर्ट्झचं, त्यामुळे साधारण १२२ हर्ट्झच्या खाली सूरच नाही! खर्ज नाही आणि वर टिपेला गेलात तर पायऱ्या एवढ्या मोठ्या की सूर लागता लागत नाही. मला तर मधलं एक सप्तक धड मिळालं तरी पुरे होतं. तुमची भांडणं श्रीमंतांची आहेत.

खाडीपार
@जुनी_बॅच, आरतीचं पुढे काय झालं?

जुनी_बॅच
एक सप्तक वर चढवली. डास गुणगुणल्यासारखी वाजली. प्रसाद मिळाला.

सेक्टर_सतरा
माझी चिप सांगतो. वाशीत शेजाऱ्यांकडे "९९९९९९९ इन १" कॅसेटवाला गेम होता, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम गेम-मशीनची नक्कल. मूळ चिपमध्ये दोन चौकोनी आवाज, एक त्रिकोणी, एक खरखर, एक नमुन्यांचा. त्रिकोणीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, एक तर वाजतो नाहीतर गप्प. गंमत पुढे आहे. बऱ्याच नकली चिप्समध्ये चौकोनी लहरींचे २५ आणि ५० टक्के (लहर किती वेळ वर राहते) हे प्रकार अदलाबदल झालेत, म्हणजे नाद मुळातच वेगळा. शिवाय आपल्या टीव्हीसाठीच्या मशीनवर ६०ऐवजी ५० फ्रेम, म्हणून चाल सहाव्या हिश्शाने संथ. परवा मूळ संगीत ऐकलं तर मला वाटलं कोणीतरी घाईत वाजवतंय. आम्ही विलंबितवर वाढलो हो!

नौपाडेकर
@खाडीपार, ५० उड्यांचा मुद्दा खरा आहे, तो घेतला. पण प्रोग्रॅमने फ्रेममध्ये चार वेळा बदल केला तर सेकंदाला २०० होतात आणि तेही लोकांनी केलंय. टेपरेकॉर्डर हा शब्द मागे घेतो. "वाद्य" घेत नाही.

खाडीपार
वाद्य म्हणता, पण कुठली सिड? ६५८१चा, म्हणजे पहिल्या सिडचा, फिल्टर चिपगणिक वेगळा. संगीतकाराच्या मशीनवर जे गोड वाजलं ते तुमच्याकडे घोगरं. नंतरच्या ८५८०मध्ये फिल्टर सुधारला, तर आवाज कमी-जास्त करायच्या रजिस्टरमधून वाजवलेले ४ बिटांचे नमुने ऐकू येईनासे झाले.

नौपाडेकर
दोन तंबोरे तरी कुठे सारखे बोलतात? पुढच्या रविवारी दोन्ही चिप्स घेऊन घणसोलीला या. @जुनी_बॅच, आरती तुम्ही बसवा, खर्जासकट.

जुनी_बॅच
येते. पण यावेळी चप्पल आत घालणार.