मदत हवी आहे: नाझारेच्या लाटांबद्दल कुणाला अनुभव आहे का?

मंडळी, धाकटा भाऊ पोर्तुगालमध्ये शिकतोय. छोट्या लाटांवर सर्फिंग जमायला लागलंय, आता तिथल्याच नाझारेच्या किनाऱ्यावर उतरायचं म्हणतो. तिथे समुद्रतळाची खोल घळ थेट किनाऱ्याजवळ येते, त्यामुळे हिवाळ्यात अटलांटिकची लाट अफाट उंच उसळते. २०२० मध्ये जर्मन सर्फर सेबास्टियन श्टॉयट्नर तिथे २६.२१ मीटरच्या लाटेवर स्वार झाला. जानेवारी २०२३ मध्ये मार्सिओ फ्रेरे हा मुरलेला ब्राझिलियन सर्फर तिथेच जिवाला मुकला. भाऊ श्टॉयट्नरचंच नाव घेतो, मला झोप लागत नाही.

नुसतं 'नको' म्हटलं तर तो गुपचूप जाईल. फुगणारं जॅकेट, जेटस्कीवरचा साथीदार, श्वास रोखण्याचा सराव, हे सगळं असूनही एकापाठोपाठ दोन लाटांखाली दाबलं गेलं तर काय करतात? आधी किती वर्षांची तयारी लागते? तिकडचं कुणी जाणकार त्याच्याशी बोलेल का?