नवीन मांगा वाचतोय, भाचीच्या वाढदिवसाला कुठले व्हॉल्यूम घेऊ?

निवांत_दुपार

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर मी आणि माझी भाची (तेरा वर्षांची, आठवीत आहे) मिळून मांगा (जपानी कॉमिक्स) वाचतोय. तिनेच मला यात ओढलं, उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लागायला मला चांगले दोन आठवडे गेले आणि आता मीच रविवारी रात्री साडेआठ वाजायची वाट बघते, कारण तेव्हा जंप या जपानी साप्ताहिकाचे नवे चॅप्टर मांगा प्लस ॲपवर येतात. तिच्या वाढदिवसाला छापील व्हॉल्यूम द्यायचेत, चार-पाच बसतील एवढं बजेट आहे. जुने वन पीस, नारुतो नकोत, गेल्या चार-पाच वर्षांत सुरू झालेलं काहीतरी हवंय. आत्तापर्यंत काय वाचलं आणि काय वाटलं ते सांगते म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल.

अकाने-बानाशी (2022 पासून) माझं सगळ्यात लाडकं, राकुगो या जपानी कथाकथनाच्या कलेवरचं. राकुगो म्हणजे एकच माणूस गादीवर गुडघे मोडून बसतो, जवळ फक्त एक पंखा आणि एक कापडी रुमाल, आणि गोष्टीतली सगळी पात्रं तोच करतो. अकानेचे बाबा शिनउची, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या परीक्षेला बसतात आणि घराण्याचा प्रमुख त्यांच्यासकट सगळ्या उमेदवारांना घराण्यातूनच काढून टाकतो. का काढलं हे कळल्याशिवाय आणि बाबांची कला खरी होती हे दाखवल्याशिवाय ती पोरगी थांबणार नाही. मला वाचताना सारखं आपलं कीर्तन आठवत होतं, बुवा एका वाक्यात राजा असतात आणि पुढच्यात दासी, आणि आपल्याला दोघं वेगवेगळे दिसतात.

कागुराबाची (2023) भाचीला प्रचंड आवडलं, मला तेवढं नाही. चित्रं भारीच आहेत, पण तलवारी घडवणारे वडील आणि त्यांचा मुलगा चिहिरो यांचं ते हसतंखेळतं घर इतकं छान उभं केलंय आणि मग एकदम उडी मारून सूड सुरू. त्या घरात अजून थोडं थांबायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

द समर हिकारू डाइड मी एकटीने वाचलं. खेडेगाव, कडक उन्हाळा, योशिकीचा मित्र हिकारू डोंगरात हरवतो आणि परत येतो पण आलेला तो नाहीच, आणि योशिकीला हे कळलेलं असतं तरी तो त्याला सोडू शकत नाही. रात्री लाइट लावून झोपले. हे तिला आत्ता द्यावं का? आणि बाकी काय घेऊ?

शाईचे_डाग

हिकारू आत्ता नको, ताई. नुसती भीती असती तर हरकत नव्हती, मुलांना भुताच्या गोष्टी आवडतातच, पण यात शरीराची चिरफाड असल्यासारखी दृश्यं आहेत आणि शिवाय ज्याच्यावर जीव आहे त्याच्या जागी दुसरंच कोणीतरी आलंय हे दुःख त्या वयात नीट झेपत नाही. दोन-तीन वर्षांनी द्या. तुम्ही स्वतः मात्र परत एकदा फक्त आवाजांसाठी बघा, त्या रातकिड्यांसारख्या सेमी किड्यांच्या आवाजाची अक्षरं पानभर कशी पसरतात आणि कधी पूर्ण थांबतात. जिथे थांबतात तिथेच खरी भीती आहे.

तिच्यासाठी मी रूरीड्रॅगन सांगेन. मुलगी सकाळी उठते तर डोक्यावर शिंगं, आई शांतपणे सांगते की तुझे वडील ड्रॅगन आहेत, आणि शाळेत तर जायचंच आहे. 2022 मध्ये सुरू झालं, सहा चॅप्टर झाल्यावर लेखकाच्या तब्येतीमुळे थांबलं आणि 2024 च्या मार्चमध्ये परत आलं. आठवीतल्या मुलीला स्वतःच्या शरीरात अचानक होणारे बदल आणि वर्गातल्या सगळ्यांच्या नजरा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, आणि या मांगात त्यावर कोणी भाषण देत नाही हे मला फार आवडतं.

चहा_आणि_चॅप्टर

कागुराबाचीबद्दल मी सहमत नाही, थोडं भांडू द्या :)

ते घर कुठे जात नाही हो! घरात जे गोल्डफिश असतात तेच पुढे चिहिरोच्या एन्तेन तलवारीतून बाहेर येतात, म्हणजे तो प्रत्येक वेळी तलवार उपसतो तेव्हा ते घर पानावर परत येतं. आणि सोजो आठवा, वडिलांच्या तलवारींचा सगळ्यात वेडा चाहता हाच खलनायक आणि तो म्हणणार की या तलवारी मारण्यासाठीच घडवल्यात. मुलाला लढावं लागतं ते वडील नक्की कोण होते यावरच. लेखक होकाझोनो यांची ही पहिलीच मोठी मालिका आहे आणि एवढ्या लवकर एवढा आत जाणारा प्रश्न घेतलाय याचं मला कौतुक वाटतं. रक्त मात्र भरपूर आहे, ते तिच्या आईबाबांना आधी दाखवून घ्या.

फँटसी हवी असेल तर इची द विच (2024). यात जादू म्हणजे जिवंत प्राणी, ते परीक्षा घेतात, पास झालात तर तुमचे, आणि हे फक्त बायकांनाच जमतं. डोंगरात एकटा राहणारा शिकारी मुलगा इची याला अपवाद ठरतो. त्याचे शिकारीचे नियम आहेत, प्राणी कसा चालतो कशाला घाबरतो हे बघतो मगच पुढे जातो, त्यामुळे प्रत्येक लढाई म्हणजे आधी ओळख असते. चित्रं उसाझाकी शिरो यांची. त्यांची आधीची मालिका 2020 मध्ये त्यांची काहीही चूक नसताना एकाएकी बंद झाली होती, त्यामुळे ही पानं बघून मला खरंच भरून आलं.

कोपऱ्यातला_वाचक

मेडलिस्ट कोणीच कसं नाही घेतलं. फिगर स्केटिंग, नागोया, पाचवीतली इनोरी जिला सगळे म्हणतात उशीर झालाय आणि तिचा कोच त्सुकासा ज्याला स्वतःलाही कधीकाळी हेच ऐकावं लागलं. रिंकवर चोरून सराव करता यावा म्हणून ती तिथल्या आजोबांना गांडुळं पकडून देते, हे वाचलं तेव्हाच मी फिदा झालो. 2024 चा कोदान्शा मांगा पुरस्कार आहे याला. ॲक्सेल उडी इतर उड्यांपेक्षा अर्धा फेरा जास्त का असते (कारण ती पुढे तोंड करून मारतात) हे मला या मांगामुळे कळलं, आता टीव्हीवर स्पर्धा असली की घरच्यांना मीच सांगतो. भाचीला डोळे झाकून द्या.

आणि अकाने वाचताना एक बघा, पात्रं बोलताना मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे वळते, राकुगोत कोण कोणाशी बोलतंय ते असंच दाखवतात. स्थिर चित्रात आवाज नाही तरी आपल्याला दोन माणसं ऐकू येतात ती त्या मानेमुळे.

तुमच्या स्वतःसाठी टोक्यो दीज डेज. मात्सुमोतो तायो यांचं, तीनच व्हॉल्यूममध्ये पूर्ण. तीस वर्षं मांगाचा संपादक असलेला शिओझावा नोकरी सोडतो, आपला संग्रह विकायला काढतो आणि मग जुन्या, थकलेल्या, लिहिणं सोडलेल्या चित्रकारांच्या दारात जाऊन पुन्हा एकदा काढा म्हणून विनवतो. मारामारी शून्य. मी दोन दिवसांत वाचलं आणि मग एकेक पान परत.

निवांत_दुपार

सगळ्यांचे खूप आभार. @चहा_आणि_चॅप्टर, काल रात्री पहिला चॅप्टर परत काढून बघितला, गोल्डफिशचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, माझ्या नजरेतून सुटलंच होतं. तरी घरात अजून थांबायला हवं होतं हे मत मी सोडत नाही.

ठरलं असं, मेडलिस्टचे पहिले दोन, रूरीड्रॅगनचा पहिला आणि अकानेचा पहिला. अकाने तिने फोनवर वाचलंय पण तो कागदावर हवा, त्या ‘जुगेमु’ या राकुगोतल्या गोष्टीच्या स्पर्धेपर्यंत आम्ही दोघी मोठ्याने वाचतो, ते पोराचं लांबलचक नाव एका श्वासात कोण म्हणतं याची पैज असते आणि आत्तापर्यंत तीच जिंकतेय. हिकारू माझ्या कपाटात वरच्या फळीवर राहील ती दहावी होईपर्यंत. टोक्यो दीज डेज पुढच्या महिन्यात, माझ्या पैशांनी, माझ्यासाठी.

कोणाकडे इचीचा पहिला व्हॉल्यूम असेल तर छपाई कशी आहे तेवढं सांगाल का, फोनवर त्या जादूच्या प्राण्यांची बारीक रेघ नीट दिसत नाही.