अनुभव धागा: जुन्या कॅमेऱ्यांची दुखणी आणि तुम्ही काढलेले उपाय

कृष्णाकाठची:
काल आईने माळा आवरायला काढला आणि बाबांचा कॅमेरा हाती लागला. 2005 च्या पुरात आमच्या खालच्या खोल्यांत कमरेएवढं पाणी होतं, भिंतीवरची रेघ अजून आहे. माळ्यावरचं तेवढं वाचलं. चामडी कव्हर उघडलं आणि बाबांच्या कपाटाचा वास आला. शटरच्या बटणाशेजारचा काळा रंग त्यांच्या बोटाने घासून आतलं पितळ दिसतंय. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी बराच वेळ त्या पितळावर बोट ठेवून बसले होते.

आता दुखणं. डोळा लावला तर नुसता अंधार. लेन्स काढून पाहिलं तर आतला आरसा वर जाऊन बसलाय, खाली येत नाही. रोल पुढे सरकवायची दांडी हलत नाही. फोटो मोजणारा आकडा 21 वर थांबलाय. दुरुस्तीवाला म्हणाला, शोकेसमध्ये ठेवा. मला नाही ठेवायचा. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यांचं काय बिघडलं, काय केलंत, सगळं लिहा. रीळवाला, डिजिटल, कुठलाही चालेल.

डार्करूमकाका:
ताई, आधी एक सांगतो, मागचं झाकण उघडू नका!! आकडा 21 वर आहे म्हणजे आत रोल असू शकतो. डाव्या बाजूची गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. ताण लागला तर रोल आहे. बाकीचं रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

मिरजेची सून:
आमच्याकडे 2019 ला झालं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं ना, तेव्हा. छोटा डिजिटल कॅमेरा कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिला. पाणी ओसरल्यावर सापडला आणि ह्यांनी लगेच बटण दाबलं. तिथेच गेला. सेल आधी काढून, आठवडाभर वाळवून मग चालू केला असता तर कदाचित वाचला असता. पण कार्ड काढून पुसलं, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं, आणि लेकीच्या बारशाचे सगळे फोटो निघाले. पाणी लागलं म्हणून कार्ड कुणी फेकू नका.

तासगावकर:
बाई, त्या पुराची नुसती आठवण काढली तरी पोटात गोळा येतो. आमचा आत्तेभाऊ हरभट रोडला, दुकानातला सगळा माल गेला त्याचा.

विश्रामबागेतून:
फंगस. फंगस. फंगस. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं ते. माझी चूक सांगते. मी लेन्स सहा वर्षं चामड्याच्या कव्हरात घालून लाकडी कपाटात ठेवली. चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. काचेवरच्या मुलाम्यात बुरशीने एकदा खड्डे पाडले की बुरशी पुसली तरी डाग जात नाही. आता घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. नारंगी दाणे हिरवे झाले की तव्यावर मंद गरम करून परत घालते. तांदळात कुणी ठेवू नका, त्याची भुकटी फटीत जाते.

बेदाणा:
लग्नाचा रोल कोरा गेलेला कुणाकडे आहे का? 1994, माझ्या मावसबहिणीचं लग्न. मामांनी 36 चा रोल घातला आणि मुहूर्तापासून पाठवणीपर्यंत फोटो काढले. आकडा 38, 39, 40 झाला तरी दांडी सरकतेच आहे, मामा खूश, जास्तीचे निघाले म्हणून. धुवायला दिला तर आख्खा रोल कोरा. रिळाचं टोक चकतीत अडकलंच नव्हतं. मामा आठ दिवस मावशीसमोर गेले नाहीत. तेव्हापासून मी शिकले, रोल भरून झाकण लावलं की दांडी ओढताना डावीकडची कळ उलटी फिरते का ते बघायचं. फिरली तर रीळ सरकतंय. एवढीच खूण.

मिरजेची सून:
@बेदाणा अगं, मामांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. बहिणीकडे मग एकही फोटो नाही?

बेदाणा:
एक आहे. शेजाऱ्यांच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यातला. त्यात 120 चा रोल, 12 फोटो. त्यांनी रोल पुढे फिरवायचं विसरून दोनदा बटण दाबलं, त्यामुळे नवरानवरीच्या अंगावर मांडवाचा खांब आलाय. ताईने तोच फ्रेम करून लावलाय.

डार्करूमकाका:
आलो. आरसा वर अडकायची दोन कारणं नेहमीची. इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यात सेल मेला की आरसा वरच राहतो. म्हणून आधी सेल. तळाचं झाकण नाण्याने उघडा, आत पांढरी-हिरवी भुकटी असेल. अल्कलाइन सेल गळला की असं होतं. इअरबडला थेंबभर व्हिनेगर लावून पुसा, मग स्पिरिटने, पूर्ण वाळू द्या, पत्रा खोडरबरने घासा. हात लगेच धुवा. दुसरं कारण म्हणजे आरशावरचा काळा स्पंज. पंधरा-वीस वर्षांत तो डांबरासारखा चिकट होतो आणि आरसा त्याला चिकटतो. तोच स्पंज मागच्या झाकणाच्या खाचेतही असतो. तिथला विरघळला की उजेड शिरतो आणि फोटोवर नारंगी पट्टे येतात. मी जुना काढून तिथे काळी लोकर बसवतो.

आणि पोरांनो, फ्लॅश कुणी उघडू नका. सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास साठा राहतो. माझा हात खांद्यापर्यंत झणाणला होता.

पलूसचा दादा:
काका, माझ्या कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरचा काटा खोटं बोलतोय. फोटो सगळे काळपट. सेल नवा आहे की वो.

डार्करूमकाका:
दादा, तुमचा कॅमेरा पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या सेलवर बेतलेला असणार. ते सेल आता बंद झालेत. 1.5 चा घातला की काटा उजेड जास्त दाखवतो आणि तुम्ही प्रकाश कमी देता. कानाच्या मशीनचा 675 नंबरचा सेल घाला, 1.4 व्होल्टचा. आकाराने बारीक आहे, बाजूने रबराची कडी बसवा. मागचं लेबल काढलं की महिना-दोन महिने चालतो.

पलूसचा दादा:
लई उपकार झाले काका. आमच्या आज्जीच्या कानात तोच सेल हाय!

तासगावकर:
काका, सांगलीला आलो की दुकानात येतो. भडंग घेऊन येतो, लसूण घातलेलं.

डार्करूमकाका:
शेंगदाणे जास्तीचे असू द्या.

कृष्णाकाठची:
काका, ऐका. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. झाकण नाण्याने उघडलं तर आत हिरवट मिठासारखं साचलेलं, सेल पार फुगलेला. व्हिनेगर, स्पिरिट, खोडरबर. दोन तास थांबले. नवे सेल घातले, बटण दाबलं. खट्. आरसा खाली आला. डोळा लावला तर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि आई. आई म्हणाली, हाच आवाज.

आणि डावीकडची कळ फिरवली तर ताण लागतोय. रोल आहे.

डार्करूमकाका:
आता घाई करू नका. तळाचं बारीक बटण दाबा आणि कळ सावकाश फिरवत रोल गुंडाळा. जुना रोल कडक होतो, ओढाल तर तुटेल. ताण सुटला की समजा आत गेला. तरी झाकण अंधाऱ्या खोलीतच उघडा. धुवायला देताना किती जुना आहे ते सांगा. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर आशा जास्त, रंगीत असेल तर रंग उडालेले येतील, पण माणसं ओळखू येतात.

विश्रामबागेतून:
काय निघालं ते इथेच टाका हं ताई. मी रोज बघणार आहे.

कृष्णाकाठची:
गुंडाळला. रंगीत आहे, 36 चा. आईने रुमालात बांधून देवघरात ठेवलाय. सोमवारी देणार धुवायला.